पाळीची राखण

नवेगावबांधच्या तलावाची भिंत शोधायला गेलं तर ती चटकन सापडत नाही. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा तलाव सुमारे 11 चौरस किलोमीटरचा. काठावर उभं राहिलं की पलीकडची झाडी धुरकट दिसते, आणि वारा सुटला की पाण्यावर चांगल्या लाटा उठतात. एवढं पाणी अडवलं कशानं? बहुतेक काम डोंगरांनीच केलं आहे. भोवती सात टेकड्या आहेत, लोक त्यांना सात बहिणी म्हणतात. त्यांच्यामधल्या खिंडी मातीच्या आखूड पाळी घालून बुजवल्या आणि आत सरोवर साठलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यानं हे काम केलं असं परंपरा सांगते. सात बहिणींनी त्याला मदत केली अशी कथा आहे. कोलू पाटील स्वतः पुढे कोलासूर देव झाला आणि तिथल्याच एका टेकडीवर बसला.

देवपदाला पोचलेला पाटबंधारेवाला महाराष्ट्रात दुसरा असेल असं वाटत नाही. मला मात्र त्या कथेपेक्षा त्याची नजर मोठी वाटते. दुर्बीण नाही, नकाशा नाही, पातळी मोजायचं यंत्र नाही. पावसाळ्यात कुठून पाणी येतं, कुठून निसटतं हे पाहून त्यानं कमीत कमी मातीत जास्तीत जास्त पाणी धरणारी जागा हेरली. आजच्या अंदाजपत्रकाच्या भाषेत सांगायचं तर घनमीटर मातीमागे मिळालेला साठा पाहून कुठल्याही कार्यकारी अभियंत्याला हेवा वाटावा.

कोकणात पाण्याचा काठ राखायला सरकारी यंत्रणा आहेत. बंदरं आणि खाड्यांसाठी मेरिटाइम बोर्ड आहे, भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालणारा खारभूमी विभाग आहे, त्यासाठी 1979 चा स्वतंत्र कायदाही आहे. गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही, पण काठ आहेत, आणि ते मोजायला बसलं तर कोकणच्या किनाऱ्याशी स्पर्धा करतील. या जिल्ह्यात माजी मालगुजारी तलाव चौदाशेच्या आसपास आहेत. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग धरला तर ही संख्या सहा हजारांच्या पलीकडे जाते. कागदोपत्री ‘माजी मालगुजारी’, बोलताना ‘मामा तलाव’. शेतकऱ्यांच्या खासगी बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी, यात धरलेल्या नाहीत; त्या वेगळ्याच. खारभूमीच्या बांधाचं काम खारं पाणी बाहेर ठेवण्याचं, तर इथल्या पाळीचं काम गोडं पाणी आत ठेवण्याचं. दोन्हीकडे माती तीच, भीतीही तीच: एका रात्रीत बांध फुटला तर वर्ष गेलं.

बाहेरून येणाऱ्याला प्रश्न पडतो की वर्षाला तेराशे-चौदाशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात तलाव हवेत कशाला? याचं उत्तर धानात आहे. मृगात पऱ्हे टाकायचे, आषाढात रोवणी करायची, इथपर्यंत पाऊस साथ देतो. खरा कस लागतो तो भाद्रपद-आश्विनात. धान निसवायला लागतं त्या वेळी बांधीत पाणी हवं, आणि नेमका तेव्हाच पाऊस दडी मारतो. हस्त-चित्राचे दोन आठवडे कोरडे गेले तर लोंबी पोचट राहते. त्या दोन आठवड्यांसाठी हा सगळा खटाटोप. बारमाही बागायतीचं स्वप्न या तलावांमागे नव्हतं. एक ओलित, फार तर दोन, आणि ती वेळेवर, एवढंच त्यांचं काम. म्हणून ते लहान आहेत, पुष्कळ आहेत आणि गावागावाला आहेत. वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की ते पाणी खालच्या गावच्या तलावात, तिथून पुढच्या बोडीत, शेवटी गाढवी, चुलबंद किंवा पांगोलीसारख्या नदीत आणि तिथून वैनगंगेत. एका पाळीचं दुखणं खालच्या चार गावांना भोगावं लागतं ते यामुळेच.

हे बांधले कोणी, याचं एकच उत्तर नाही. कोहळ्यांचं नाव सर्वांत आधी येतं. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात कोहळ्यांवर वेगळं टिपण आहे आणि त्यात त्यांच्या तलावांचं कौतुक आहे. गोंड राजानं त्यांना काशीहून आणलं अशी समजूत त्या समाजातच प्रचलित होती. उसाची शेती हा त्यांचा खास विषय, आणि ऊस म्हटला की पाणी आलंच. गोंड राजवटीनं जो तलाव बांधील त्याला जमिनीचा हक्क दिला, असं सांगतात. धोरण म्हणून हे फार हुशारीचं होतं. खजिन्यातून दमडी न काढता मुलूख ओलिताखाली आला. गोंदियाच्या उत्तरेला वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेल्या पोवारांनीही असेच तलाव बांधले. आणि पाळीवर टोपली वाहणारे हात कोणाचे होते, हे कुठल्याही ग्रंथात नीट लिहिलेलं नाही. गोंड, ढीवर, महार, गावातले सगळेच असणार.

पाळ घालणं ही कला दिसायला सोपी आहे. पाया खरवडून जुनी मुळं आणि सैल माती काढायची, चिकण मातीचा थर द्यायचा, पाणी शिंपडायचं, माणसांच्या आणि जनावरांच्या पायांनी तुडवायचं, मग पुढचा थर. घाई केली की दोन थर एकजीव होत नाहीत आणि पाणी पुढे कधीतरी तीच फट शोधून काढतं. आतल्या बाजूचा उतार सौम्य हवा, कारण लाट तिथे आपटते. मोठ्या तलावांवर वारा दोन-तीन किलोमीटर मोकळा धावतो. तो पाळीचा पायथा वर्षानुवर्षं चाटत राहतो. म्हणून आतल्या अंगाला दगड लावतात. सरकारी भाषेत त्याला पिचिंग म्हणतात आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या दगडांमागचा विचारही हाच आहे. जुन्या माणसांनी मात्र दगडाच्या जोडीला आणखी एक गोष्ट ठेवली होती: काठाजवळच्या उथळ पाण्यातली वनस्पती. लाटेचा जोर त्या गवतातच मरायचा. याकडे पुन्हा यावं लागेल.

पाणी सोडायची जागा म्हणजे तुडूम. जुन्या तुडुमांची रचना पाहण्यासारखी असते. दगडी बांधकामात वरपासून खालपर्यंत टप्प्याटप्प्यानं भोकं आणि प्रत्येकात लाकडी खुंटा. तलाव भरलेला असताना सर्वांत वरचा खुंटा काढायचा, पातळी उतरली की त्याखालचा. पाणी नेहमी वरच्या थरातून निघतं, म्हणून तळाचा गाळ पाटात येत नाही आणि दाबानं तुडूमही उखडत नाही. शिवाय कोणता खुंटा निघाला आहे हे पाळीवरून जाणाऱ्या कोणालाही दिसतं, त्यामुळे चोरून पाणी सोडणं अवघड. पुढे त्यांच्या जागी लोखंडी गेट आले. ते काम करतात तोवर उत्तमच. पण दांडा गंजला, चाक निघून गेलं, तर गावच्या सुताराला ते दुरुस्त करता येत नाही. मग गेटच्या तोंडाशी मातीची पोती टाकून वेळ मारून नेतात. तिसरा अवयव सांडवा, इकडच्या बोलीत सलंग. जादा पाणी तिथून जायचं. त्याची उंची ठरलेली असते आणि ती तशीच राहावी यातच पाळीचं आयुष्य असतं. साठा थोडा वाढावा म्हणून शेतकरी त्यावर पोती रचतात, मासे निसटू नयेत म्हणून मासेमार जाळी लावतात, आणि मोठ्या पावसाच्या रात्री कचरा अडकून सांडवा तुंबला की पाणी पाळीवरून जातं. मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की पुढचं सांगायला नको.

एवढं मोडतोड करणारं सगळं समोर असताना या पाळी दोनशे-तीनशे वर्षं टिकल्या त्या दरवर्षीच्या डागडुजीमुळे. उन्हाळ्यात पाळीवरून पायी फिरायचं. खेकड्यांची आणि उंदरांची बिळं हुडकून चिकण मातीनं ठोकून बंद करायची. पाळीवर उगवलेली झाडं मोठी होण्याआधी काढायची, कारण वठलेल्या झाडाचं कुजलेलं मूळ म्हणजे पाण्याला आयती नळी. बाहेरच्या पायथ्याशी ओल दिसली तर पाणी स्वच्छ येतंय की गढूळ, हे पाहायचं. स्वच्छ पाझर चालतो. गढूळ पाझर म्हणजे पाळ आतून वाहून चालली आहे. ही शेवटची खूण आजही धरण सुरक्षिततेच्या तपासणीत जशीच्या तशी आहे.

ही डागडुजी मालगुजार, म्हणजे गावचा सारा गोळा करणारा, करवून घ्यायचा. तिचं गुणगान करताना जरा जपून बोललेलं बरं. ‘मालगुजाराच्या काळी तलाव कसे लख्ख होते’ असं म्हणणारी मंडळी गावोगाव भेटतात, आणि त्यात तथ्यही आहे; पण त्या लख्खपणात बिगारीचा घाम होता. ब्रिटिशांनी 1860 च्या दशकातल्या जमाबंदीत मालगुजाराला गावाचा मालक करून टाकलं. तलाव त्याचा, पाण्याची पाळी त्यानं ठरवायची, मासे धरायची परवानगी त्याची. त्याचं स्वतःचं सर्वांत चांगलं शेत तलावाखालीच असायचं, म्हणून पाळ फुटली तर पहिलं नुकसान त्याचं. देखभाल चालली ती या स्वार्थावर. परोपकाराचा भाग त्यात थोडा.

ब्रिटिश सरकारनं स्वतःचे तलावही बांधले. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी मध्यप्रांत होरपळला, सिंचन आयोग बसला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत बोदलकसा, चोरखमारा यांसारखे मोठे जलाशय तिरोडा तालुक्यात उभे राहिले. त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना पहिल्या दिवसापासून खातं होतं, फाईल होती, चौकीदार होता.

मामा तलावांचं तसं झालं नाही. मालकी हक्क नष्ट करणारा मध्य प्रदेशचा 1950 चा कायदा 31 मार्च 1951 पासून लागू झाला. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. एका दिवसात हजारो तलाव सरकारजमा झाले. कायदा योग्यच होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जमीन आणि तलाव यांत एक फरक आहे. जमीन कुळाकडे गेली, कसणारा मालक झाला. तलाव मात्र कोणाच्याच हातात गेला नाही. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला, 1962 साली जिल्हा परिषदा आल्या, 1999 साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. प्रत्येक वेळी तलावांचे कागद एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेले. आज साधारण 100 हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे आणि त्याहून मोठे राज्याच्या खात्याकडे आहेत. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेला, जमिनीची नोंद महसूलकडे, काही ठिकाणी काठ वनखात्याचा. आपल्या निस्तार (परंपरागत वापराच्या) हक्काचं पाणी फुकट असलं पाहिजे असं शेतकऱ्याचं म्हणणं. पाणीपट्टी भरा असं सरकारचं. पट्टी वसूल होत नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून पट्टी नाही. हे रहाटगाडगं कित्येक वर्षं फिरत राहिलं.

मग लोकांनी विहिरी घेतल्या, कृषिपंप आले. तलावाच्या पोटातली उघडी पडलेली जमीन हळूहळू कोणीतरी धानाला लावली. त्या माणसाला तलाव भरूच नये असं वाटतं, कारण भरला तर त्याचं शेत बुडतं. खालच्या शेतकऱ्याला तलाव भरावा आणि आश्विनात पूर्ण रिकामा करता यावा असं वाटतं. मासेमारी करणाऱ्या ढीवराला पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकायला हवं. एकाच पाण्याकडे तीन तोंडांनी पाहणारी ही माणसं एकाच गावात राहतात, आणि पूर्वी मालगुजाराच्या दराऱ्यानं मिटणारं भांडण आता मिटवायला कोणी नाही. तलावांच्या दुरवस्थेबद्दल लिहिताना सगळे गाळाबद्दल लिहितात. माझ्या मते गाळापेक्षा हे मोठं दुखणं आहे.

गाळाचं मात्र लगेच दिसतं आणि त्याला निधीही लगेच मिळतो. जलयुक्त शिवार आलं, 2017 साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ आलं, रोजगार हमीची कामं तर होतीच. पोकलेन तलावात उतरतं, ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, किती घनमीटर गाळ निघाला याचा आकडा छापून येतो. सुपीक माती शेतात गेली तर ती चांगलीच गोष्ट आहे. अडचण आहे ती खोदण्याच्या पद्धतीत. मामा तलाव म्हणजे हौद नव्हे. काठाकडे गुडघाभर पाणी, मग कंबरभर, आणि पाळीजवळ खोल, असा त्याचा तळ उतरत गेलेला असतो. यंत्र आलं की ते सोयीच्या जागी सरळ खड्डा करतं. काठ कड्यासारखा तुटतो, उथळ पट्टा नाहीसा होतो. शेकडो वर्षांत साचून घट्ट झालेला चिकणमातीचा तळ फोडून यंत्र मुरमापर्यंत गेलं, तर तलाव खोल होऊनही पाणी धरत नाही. काही ठिकाणी पाळीच्या अगदी पायथ्यापासून माती उचलली जाते, म्हणजे जिला वाचवायचं तिच्याच मुळाशी खणणं.

हे सर्वांत आधी ओळखलं ते ढीवरांनी. त्यांचा पाण्याशी संबंध रोजचा, आणि मासा कुठे अंडी घालतो हे त्यांना कोणी शिकवायला नको. बोटरी, दाडक, शिंगूर, मरळ हे इथले मूळ मासे काठच्या उथळ पाण्यात, वनस्पतींच्या आडोशानं वाढतात. त्याच पट्ट्यात कमळ, पाण्यातले कंद, देवधान नावाचं आपोआप उगवणारं भात. सरकारी योजनेतून तलावात रोहू, कतला, मृगळ यांचं बीज सोडलं गेलं. ते खुल्या पाण्यात वाढतं, भाव देतं, पण इथे आपणहून अंडी घालत नाही. दरवर्षी बीज विकत आणा, दरवर्षी सोडा. दुसरीकडे बेशरम नावाची झुडपं काठांवर पसरली. कधीकाळी कुंपणाला आणि बांधाच्या आधाराला म्हणून लावलेली ही परदेशी वनस्पती जनावर खात नाही, पाण्यात मरत नाही, उन्हात वाळत नाही. नाव अगदी योग्य आहे. तिच्या जाळीत मूळ गवतं गुदमरली.

अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर यांची भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था गेली अनेक वर्षं ढीवरांच्या मासेमार सहकारी संस्थांबरोबर काम करते आहे. त्यांचं दुरुस्तीचं वेळापत्रक खात्याच्या वेळापत्रकापेक्षा निराळं आहे. आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून तलावात पूर्वी काय काय होतं याची यादी करायची. मग उन्हाळ्यात पाणी आटलं की बेशरम मुळासकट उपटायची. नुसती कापली तर दुप्पट फुटते. उघड्या पडलेल्या तळाची ठरावीक भागात नांगरट करायची, म्हणजे घट्ट बसलेली माती मोकळी होते. आणि पावसाचं पाणी आलं की ज्या तलावात मूळ वनस्पती अजून शिल्लक आहेत तिथून त्या आणून इथे रोवायच्या. हे रोवण्याचं काम मुख्यतः बाया करतात. धानाच्या रोवणीत ज्यांची हयात गेली त्यांना पाण्यात वाकून रोप खोचणं नवं नाही. फरक इतकाच की इथे त्या माशांसाठी चारा लावत असतात. वनस्पती तगल्या की मूळ मासे परततात, त्यांच्यामागे पक्षी येतात. लाटेचा मार पुन्हा काठच्या गवतावर पडतो आणि पाळ वाचते, हा फायदा कुठल्याही अंदाजपत्रकात धरलेला नसतो.

पक्ष्यांचा विषय निघालाच आहे तर सारस सोडून चालणार नाही. महाराष्ट्रात सारस क्रौंच टिकून आहे तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात. माणसाच्या उंचीचा हा पक्षी धानाच्या बांधीत घरटं करतो आणि तलावांच्या उथळ काठावर चरतो. परसवाडा, झिलमिली या तलावांची नावं पक्षिनिरीक्षकांना सारसामुळेच माहीत झाली. गोंदियाची सेवा ही संस्था त्यांची गणना आणि घरट्यांची राखण करते; हा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंतही पोचला. सारसाला खोल पाणी नको, त्याला दलदल हवी. म्हणजे ढीवराला जो पट्टा हवा, तोच सारसाला. या पक्ष्यासाठी वेगळा प्रकल्प आखण्यापेक्षा तलावांचे काठ तुटू न देणं स्वस्त पडेल.

नवेगावचं हे भान मराठी वाचकांपर्यंत पोचवलं ते मारुती चितमपल्लींनी. वनाधिकारी म्हणून ते इथे राहिले, माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या स्थानिक जाणकारांकडून आणि ढीवरांकडून पाण्याची, पाखरांची विद्या शिकले. 1975 साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं, 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आला. पर्यटक आता वाघासाठी येतात, तलावाकडे एक चक्कर मारतात आणि बोटीचं तिकीट काढतात. जवळच गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण आहे. सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की तिथे जत्राच भरते. इटियाडोहला कालवे आहेत, उपविभाग आहे, नोंदवह्या आहेत. त्याच्या लाभक्षेत्रातल्या काही गावांत जुने तलाव आजही आहेत, आणि कालव्याचं पाणी मिळू लागल्यावर त्यांच्याकडे सर्वांत आधी पाठ फिरवली गेली ती तिथेच.

दुरुस्तीच्या प्रस्तावांचा नमुना पाहिला तर त्यात पाळीची उंची, पिचिंग, सांडव्याचं काँक्रीट, गेट आणि गाळ असे रकाने असतात. बेशरम काढण्यासाठी, नांगरटीसाठी, वनस्पती रोवण्यासाठी रकाना नसतो. ती कामं बहुधा संस्थांच्या देणग्यांतून किंवा रोजगार हमीच्या एखाद्या सोयीच्या शीर्षाखाली बसवून करावी लागतात. उन्हाळ्यात पाळीवरून फिरून बिळं बुजवणाऱ्या माणसाच्या मजुरीसाठीही रकाना नसतो. एक पाळ फुटून मग दुरुस्त करायला जेवढा खर्च येतो, तेवढ्यात अशा माणसांची कित्येक वर्षांची मजुरी निघेल. पण फुटलेल्या पाळीला आपत्ती म्हणून निधी मिळतो, न फुटलेल्या पाळीला काहीच मिळत नाही. जिल्हा परिषदेनं प्रत्येक मोठ्या तलावामागे शेतकरी, ढीवर संस्था आणि ग्रामपंचायत यांची मिळून एक समिती नेमली, तिच्या हाती दरवर्षी थोडी रक्कम दिली, आणि गाळ कुठून किती खोल काढायचा हे पोकलेन येण्याआधी तिच्याकडून लिहून घेतलं, तर यासाठी नवा कायदा लागणार नाही. तळात उतार कुठे आहे, मुरूम किती खाली लागतो, सांडव्याला जाळी कधी लावायची आणि कधी काढायची, हे त्या समितीतल्या कोणालाही पुस्तकात पाहावं लागणार नाही.